फजलभाईंच्या गिटारीला बांधलेला टॅग

फजलभाई कॉइल भरताना डोळे मिटून घ्यायचे. तार केसाहून बारीक, यंत्र हाताच्या दांड्याने फिरणारं, आणि हा माणूस मान किंचित कलती करून बसलेला, पलीकडच्या खोलीत कुणी बोलतंय ते ऐकत असल्यासारखा. काउंटरवर तीन हजार दोनशे फेरे व्हायच्या दहा फेरे आधी त्यांचा हात आपोआप मंद व्हायचा. मी मुद्दाम शेजारी उभं राहून मोजलं होतं. एकदाही चूक नाही.

"फजलभाई, डोळे मिटून कसं जमतं?"

"बेटा, इंजिनरूममध्ये दिवा गेला तर काय जहाज उभं राहतं? कान कशाला दिलेत मग?"

फजल हळदे हे त्यांचं पूर्ण नाव. गाव श्रीवर्धनच्या बाजूला, समुद्राला लागून. वय पन्नाशीच्या आसपास. मी १९८१च्या जूनमध्ये तुर्भ्याजवळच्या पावणे गावातल्या आमच्या कारखान्यात लागलो तेव्हा त्यांना तिथे आठ वर्षं झाली होती. कारखाना चाळीस माणसांचा. स्टॅबिलायझर आणि रेडिओसाठी ट्रान्सफॉर्मर बनवायचे. मी सांगोल्याचा, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला, घरात शाळेच्या पुढे गेलेला पहिलाच. हुद्दा इन्स्पेक्टर. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेला माल तपासायचा आणि त्यावर टॅग बांधायचा. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे रिजेक्ट. टॅगचं एक पुस्तक असायचं. खाली कार्बन, कार्बनखाली कॉपी, प्रत्येक पानाला नंबर. टॅग फाडून मालाला बांधायचा, कॉपी पुस्तकातच राहायची.

या टॅगची किंमत मला फजलभाईंनीच शिकवली. माझ्या पहिल्याच आठवड्यात मी एका खोक्याला लाल टॅग बांधला होता आणि स्टोअरच्या माणसाने घाई आहे म्हणून तो स्वतःच काढून टाकला. मी नवा, गप्प बसलो. फजलभाई जागेवरून उठले.

"ए, टॅग परत बांध. ज्याने बांधला, त्यानेच सोडायचा."

"अहो, चालतं हो चाचा."

"नाय चालत. आमच्या जहाजावर कोणी व्हॉल्व्हला चिंधी बांधली तर ती दुसऱ्याने सोडायची नाही. कॅप्टनने पण नाही. का? बांधणाऱ्याचा हात आत असेल पाइपात. तू चिंधी सोडली, वाफ सोडली, त्याचा हात गेला."

त्या दिवसापासून कारखान्यात माझ्या टॅगला कुणी हात लावला नाही. ही ताकद मला त्यांनी मिळवून दिली होती. पुढे मी ती कुठे वापरली ते सांगण्यासाठी हे लिहितोय.

जेवणाच्या सुट्टीत फजलभाई जहाजाच्या गोष्टी सांगायचे. बारा वर्षं त्यांनी इंजिनरूममध्ये तेलवाल्याचं काम केलं होतं. चालत्या इंजिनाच्या सांध्यासांध्यात तेल घालत फिरायचं. जहाज जपानी बांधणीचं, त्यामुळे यंत्रांवरच्या पट्ट्या सगळ्या त्यांच्या अक्षरांतल्या. १९६७ साली दुरुस्तीसाठी ते कोबे बंदरात अकरा दिवस उभं राहिलं. बंदराच्या वरच्या चढावर एक वाद्यांचं दुकान होतं. फजलभाईंना त्यांची भाषा येत नव्हती, दुकानदाराला यांची. दोघं बोटांनी बोलले. दुकानदाराने एक बंद खोका आणून यांच्यासमोर उघडला आणि आतून निघाली विजेची गिटार.

"नवी कोरी. पॉलिशचा वास येत होता. त्याने मला नमस्कार केला, असा, कंबरेतून वाकून. तेलवाल्याला! जन्मात कोणी मला एवढं वाकलं नाही."

ही गिटार ते वर्षातून एकदा कारखान्यात आणायचे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असायची. यंत्रं पुसून, तेल देऊन, झेंडू बांधून तयार. मधल्या टेबलावर पक्कडी, मायक्रोमीटर, माझे गेज, सोल्डरिंगच्या काड्या, आणि त्यांच्यात फजलभाईंची गिटार. सुरुवातीला कुणीतरी म्हणालं होतं, तुमचंही ते हत्यारच की, ठेवा. तेव्हापासून प्रथाच पडली. आरती झाली की ते एक जुना रेडिओ उघडून त्याला गिटार जोडायचे आणि वाजवायचे. फार मोठे वादक नव्हते. दोन कोळीगीतं, एक जहाजावर शिकलेली परदेशी चाल. पण लोखंडी पत्र्याच्या त्या शेडमध्ये तो आवाज घुमला की सगळे गप्प व्हायचे.

गप्प नसायचा तो एक दिलीप. फजलभाईंच्या शेजारच्या यंत्रावर बसायचा, हात चलाख, जीभ त्याहून चलाख.

"फजलभाई, जपानला जायला तुर्भ्याहून कुठली बस?"

"तुझ्या बापाला विचार. कंडक्टर होता ना तो?"

सगळे हसायचे, दिलीपही हसायचा. पण संशय तो पेरत राहायचा. जहाजावरच्या नोकरीचं पुस्तक का दाखवत नाहीत? फजलभाई सांगत की ते एका पावसाळ्यात घराचं छप्पर उडालं तेव्हा कागदांबरोबर भिजून गेलं. एक फोटोही उरला नाही. उरली ती ही गिटार. त्यांच्या बारा वर्षांचा पुरावा म्हणजे एवढंच लाकूड आणि तार.

१९८२च्या पूजेला आरती झाली, पेढे वाटून झाले. फजलभाई रेडिओ जोडत होते. दिलीप म्हणाला, "इन्स्पेक्टर, सगळा माल तपासता. ही कधी तपासली? खरी जपानी हाय का कुर्ल्याची?"

मी नकोच म्हणालो असतो तर? पण मला आनंद झाला. वर्षभर मी एकसारख्या कॉइली मोजत होतो. समोर एक अनोळखी वस्तू, ती उघडायची, खुणा शोधायच्या आणि तिचं वय, तिची बनावट सांगायची, याहून आवडीचं काम मला दुसरं नव्हतं. शिवाय चाळीस माणसं बघत होती, आणि त्यांच्यात वर्क्स मॅनेजर अरविंदसाहेबही होते.

"फजलभाई, उघडू का?"

त्यांनीच मला स्क्रूड्रायव्हर दिला. "उघड की. तूच बघ आणि या गाढवांना सांग एकदाचं." त्यांच्या चेहऱ्यावर जो भरवसा होता तो मला आजही आठवतो, आणि आठवला की मी जिथे असेन तिथे मान खाली जाते.

मी तारा सैल केल्या. मागच्या बाजूला, मान जिथे धडाला जोडलेली असते तिथे, चार स्क्रूंची लोखंडी पट्टी होती. तिच्यावर 'मेड इन जपान' ठोकलेलं. दिलीप म्हणाला, "ते तर माझ्या कंगव्यावर पण हाय." हशा झाला. मी म्हणालो, "बरोबर. पट्टीचा पुरावा धरता येत नाही." हशा माझ्या बाजूने वळला ते मला आवडलं.

स्क्रू काढून मान वेगळी केली. धडात जिथे ती बसते त्या खाचेत रंग दिलेला नव्हता, उघडं लाकूड दिसत होतं. लाकडाचे थर होते. एकावर एक चिकटवलेले, पाच.

"प्लायवूड," मी मोठ्याने म्हणालो.

"म्हंजे दरवाजा!" गोटीराम ओरडला. गोटीराम पावणे गावचाच, शेड झाडायला आणि माल उचलायला असायचा. "मंग आमचे घराचा दार पन जपानचा हाय."

खाचेच्या तळाशी पेन्सिलीने आकडे लिहिले होते, ४२, टिंब, ८, टिंब, २१. शेजारी लाल शाईचा नखाएवढा गोल डाग, आत काहीतरी रेघोट्या. मी आकडे वाचून दाखवले. तारीखच होती, उघड होतं. एकवीस ऑगस्ट बेचाळीस.

"बेचाळीस? म्हंजे 'चले जाव'च्या साली!" कुणीतरी म्हणालं.

मला तर हवं ते मिळालं. मी टेबलाला टेकून भाषणच दिलं. बेचाळीस साली जपान युद्धात होता. विमानं बनवत होता, गिटारी नाही. विजेच्या गिटारीचं नावही तिथे कुणाला ठाऊक नसेल. म्हणजे ही तारीख खोटी, ज्याने लिहिली त्याला इतिहास ठाऊक नव्हता. जुनी वस्तू वाटावी म्हणून कुणीतरी आकडा टाकला.

"मधू," फजलभाई म्हणाले, "पण मी तर सदुसष्टला..."

"थांबा फजलभाई, अजून आतलं बघायचंय."

पुढची धातूची पट्टी काढली. खाली चार कॉइली होत्या, तारेचं कंपन पकडणाऱ्या. कॉइल म्हणजे तर माझा प्रांत. मी जवळची एक घेतली, वरची टेप सोडली आणि तार उजेडात धरली. गडद लाल रंग. हा रंग मी दिवसातून शंभर वेळा बघत होतो. आमच्याच स्टोअरच्या रिळावरची तार.

"अरे, ही तर आपल्या कंपनीत बनलीय!" दिलीप किंचाळला आणि शेड हसण्याने फुटली.

फजलभाई काहीतरी सांगत होते. त्यांचे ओठ हलताना मी पाहिले. "ती एक मी..." एवढं ऐकू आलं. मी हात वर केला. "रिपोर्ट होऊ द्या."

मग मी खिशातून टॅगचं पुस्तक काढलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लाल पान उघडलं आणि भरलं. वस्तू : गिटार. कारण : बॉडी प्लायवूड, तार स्थानिक, तारीख अशक्य. निर्णय : रिजेक्ट. खाली सही. मान पुन्हा बसवली, स्क्रू आवळले, आणि तो टॅग गिटारीच्या वरच्या टोकाला, तारा पिळायच्या किल्ल्यांपाशी, दोरीची गाठ मारून बांधला. टाळ्या पडल्या. अरविंदसाहेब म्हणाले, "पोराला डोळा आहे."

फजलभाईंनी गिटार उचलली, कापडी पिशवीत घातली. टॅगला हात लावला नाही. रेडिओचं झाकण स्क्रू लावून बंद केलं. जाताना माझ्याजवळ थांबले. "येतो साहेब," म्हणाले.

तोवर मी 'मधू' होतो, 'बेटा' होतो.

त्यानंतर त्यांचं नाव 'डुप्लिकेट' पडलं. आधी मागून, मग समोर. "ए डुप्लिकेट, बाराशेचं रीळ दे." जेवणाच्या सुट्टीत ते यंत्रापाशीच डबा खायला लागले, जहाजाच्या गोष्टी बंद झाल्या. मला मार्चमध्ये सीनियर इन्स्पेक्टर केलं. साहेबांनी पत्र देताना दसऱ्याची आठवण काढली.

१९८३च्या जूनमध्ये कंपनीने जपानहून एक नवं वाइंडिंग यंत्र मागवलं. ते बसवायला एजंटकडून नंदकिशोर नावाचा इंजिनियर आला होता. सहा महिने जपानमध्ये शिकून आलेला, बोलका माणूस. खोका मी आणि त्याने मिळून उघडला. यंत्राला एक तपासणीचं कार्ड बांधलेलं होतं. मला त्यात रस वाटला, आपल्याच जातीच्या माणसाने भरलेलं कार्ड. खाली तारीख होती, ५८.३.१७. शेजारी लाल शाईचा नखाएवढा गोल शिक्का, आत रेघोट्या.

मी कार्ड हातात धरून उभा राहिलो.

"हे अठ्ठावन्न काय?" मी विचारलं. "यंत्र नवं म्हणून सांगितलंय ना?"

"नवंच आहे हो. यंदाच्या मार्चमधलं. त्यांच्याकडे बादशहा गादीवर बसला तिथून साल मोजतात. त्यांचं अठ्ठावन्न म्हणजे आपलं त्र्याऐंशी. पंचवीस मिळवायचे की झालं. आपल्याकडे शके असतं ना, तसंच."

"आणि हा लाल डाग?"

"डाग नाही, शिक्का. सहीऐवजी आडनावाचा शिक्का मारतात. हा इन्स्पेक्टरचा. मी तपासलं, पास आहे, माझी जबाबदारी, असा त्याचा अर्थ."

बेचाळीस अधिक पंचवीस. सदुसष्ट. एकवीस ऑगस्टला कारखान्यातून निघाली, पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत कोबेच्या दुकानात पोचली, आणि एका तेलवाल्यासमोर तिचा बंद खोका उघडला गेला. सगळं जुळत होतं. आमच्या सांगोल्याच्या घरात भिंतीवर पंचांग असायचं, आई त्यातलं शके वाचून दाखवायची. दुसऱ्या देशातले लोक दुसरीकडून मोजत असतील एवढं सुचायला मला डिप्लोमा लागत नव्हता.

खोक्याबरोबर आलेली हत्यारांची पेटी लालसर प्लायवूडची होती. कडेला तसेच थर. मी नंदकिशोरला सहज विचारल्यासारखं विचारलं, असलं लाकूड ते गिटारीला वापरतात का? तो म्हणाला, "जुन्या स्वस्त गिटारींना सर्रास. फिलिपाइन्सहून लाकूड आणायचे, सोलून थर चिकटवायचे. हजारोंनी बाहेर पाठवल्या. का हो?"

"काही नाही," मी म्हणालो.

राहिली ती तार. ती मला तेव्हा उभ्या उभ्या समजली. चार कॉइली होत्या. मी एकच उघडली. आमच्या धंद्यात एक नमुना बघून चारींवर शिक्का मारला तर इन्स्पेक्टरला घरी पाठवतात. एक जळली असेल, आणि फजलभाईंनी भंगारातल्या तारेने ती स्वतः भरली असेल. तेच ते सांगत होते, "ती एक मी..."

एवढ्यात बाकीचे यंत्र बघायला जमले. फजलभाईही आले, मागे उभे राहिले. पुढच्या बाजूला एक खटका होता, वर एक अक्षर, खाली एक अक्षर. ते हळूच म्हणाले, "वरचं चालू. खालचं बंद."

दिलीप वळला. "ओ डुप्लिकेट, यंत्र खरं हाय, त्याला हात लावू नका."

त्याच दुपारी अरविंदसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. नव्या यंत्रावर कुणाला बसवायचं ते ठरवायचं होतं. "हात हळदेचा चांगला आहे," साहेब म्हणाले. "तो मघाशी येऊन गेला. म्हणतो, जपानी यंत्रांत बारा वर्षं काढलीत, मला द्या. पण माणूस फेकतो असं सगळे म्हणतात. तूच तर त्याची गिटार पकडली होतीस. काय वाटतं?"

माझ्या शर्टाच्या खिशात ते कार्ड होतं. फाइलला लावायला घेतलेलं. मी ते काढून टेबलावर ठेवायचं, चार वाक्यं बोलायची, एवढंच होतं. पण सीनियरचं पत्र याच टेबलावरून मिळाल्याला तीनच महिने झाले होते. आणि साहेबांच्या नजरेत मी डोळा असलेला पोरगा होतो.

"दिलीपचा हात पण चलाख आहे, सर," मी म्हणालो.

यंत्र दिलीपला मिळालं. त्याने खटक्यावर 'चालू' आणि 'बंद' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. वरती चालू, खालती बंद. फजलभाई म्हणाले होते तसंच. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. रोज ठरवायचो, उद्या सांगू. एकवीस ऑगस्टला तर पक्कं ठरवलं होतं, आणि त्या दिवशी फजलभाई समोरून आले तर मी गेज शोधायचं नाटक करून वाकलो. सप्टेंबरमध्ये त्यांच्या एका लॉटमध्ये फेरे कमी भरले. सहा फेरे. दहा वर्षांत पहिल्यांदा. मी त्यांच्या यंत्रापाशी गेलो आणि पाहिलं, ते डोळे उघडे ठेवून काम करत होते. नजर काउंटरवर खिळलेली, नवशिक्या माणसासारखी. त्यांचा त्यांच्या कानावर विश्वास राहिला नव्हता.

माझ्या हातात लाल टॅग होता. तो बांधवेना.

"बांधा साहेब," ते म्हणाले. "चुकलंय तर बांधा. त्यात काय लाजायचं?"

दसऱ्याच्या आधीच्या सुट्टीला मी तुर्भ्याला त्यांच्या घरी गेलो. गावातल्या आळीत दोन खोल्या. त्यांच्या बायको, शकिलाभाभी, दारात तांदूळ निवडत होत्या. मी नाव सांगितलं.

"टॅगवाले ना?" त्या म्हणाल्या, आणि सूप घेऊन आत गेल्या.

गिटार भिंतीवर खुंटीला होती. वरच्या टोकाला माझा टॅग. वर्षभरात लाल रंग उडून विटकरी झाला होता, पण गाठ मी मारली होती तीच. फजलभाईंनी मला खाटेवर बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

"काढला का नाहीत?" मी विचारलं.

"मी कसा काढणार? बांधलेला माझा नाही."

मी सगळं सांगितलं. साल, शिक्का, थर, तार. सांगताना अंगात तोच उत्साह यायला लागला, खुणा जुळवण्याचा, आणि स्वतःचीच किळस येऊन मी मध्येच थांबलो. ते शांतपणे ऐकत होते. त्यांना त्यात नवीन काही नव्हतं. खोका त्यांच्या डोळ्यांसमोर उघडला होता.

"हे कधी कळलं साहेब?"

"जूनमध्ये."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मशीन आलं तेव्हा?"

"त्याच दिवशी. दुपारच्या आधी."

आतून भाभींचा आवाज आला, "चहा ठेवू का नको?" फजलभाई म्हणाले, "ठेव. घरी आलाय माणूस."

मी उठून टॅगच्या गाठीला हात घातला. त्यांनी माझं मनगट धरलं. जोर नव्हता, पण हात हलला नाही.

"इथे नको. इथे कोण बघतंय? जिथे बांधला तिथे सोडा. आणि सांगाल ते अर्धं नका सांगू."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मधल्या टेबलावर झेंडू, पक्कडी, मायक्रोमीटर मांडलेले. फजलभाई पिशवी घेऊन आले तसा दिलीप ओरडला, "आली, दरवाजा कंपनी आली!" त्यांनी गिटार टेबलावर ठेवली आणि मागे सरले. आरती झाली. मी पुढे आलो.

खुणांचं सांगणं सोपं गेलं. मान सोडवून खाचेतला डाग आणि कार्डावरचा शिक्का शेजारी धरून दाखवले, पंचवीस मिळवून दाखवले, चारही कॉइली उघडून दाखवल्या. तीन पिवळट जपानी तारेच्या, एक आमची. गोटीराम वाकून बघत म्हणाला, "म्हंजे यो डाग नाय, त्याचे इन्स्पेक्टरची सही हाय? न् तुमी तेचे सहीवर रिजेक मारलाव?"

"हो," मी म्हणालो.

मग पुढचं. तेही सांगितलं. हे मला जूनमध्येच कळलं होतं, यंत्र कुणाला द्यायचं ते ठरत होतं त्याच दिवशी, साहेबांनी विचारलं आणि मी गप्प राहिलो. कुणी हसलं नाही. दिलीपचा चेहरा उतरला. "म्हणजे मला मशीन..." एवढंच तो म्हणाला. अरविंदसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "ठीक आहे, ठीक आहे. झालं गेलं. मशीन आता दिलीपच्या हाताला बसलंय, ते काही बदलणार नाही. चला, पेढे वाटा."

मी गाठ सोडायला लागलो. वर्षभरात ती घट्ट बसली होती. कुणीतरी कात्री पुढे केली. मी ती घेतली नाही. नखं लावून सोडवली, वेळ लागला, चाळीस माणसं बघत होती. टॅग हातात आला तेव्हा फजलभाई म्हणाले, "रिकामं नाही ठेवायचं. लाल निघाला की हिरवा लागतो."

मी पुस्तक काढून हिरवं पान भरलं. वस्तू : गिटार. बनावट : जपान, प्लायवूड बॉडी, चार कॉइल, पैकी एक दुरुस्त. तारीख : २१ ऑगस्ट १९६७. तपासणाऱ्याच्या जागी सही करताना हात अडला. तपासणारा आधीच कुणीतरी होता. मी खाली बारीक अक्षरात लिहिलं, पूर्वी तपासून पास, आणि मग सही केली.

मान, कॉइली, पट्टी मी पुन्हा जागेवर बसवली, आणि ते वाजवायला बसले. वर्षभरात तारा गंजल्या होत्या, पहिल्याच चालीत एक तुटली. उरलेल्या पाचांवर त्यांनी एक कोळीगीत वाजवलं. अर्ध्यात ते डोळे मिटतात का, हे मी पाहत होतो. मिटले नाहीत.

लोक पांगले. मी टेबलावरचे गेज आवरत होतो. पलीकडे नव्या यंत्रापाशी दिलीप उभा होता. त्याने खटक्यावरच्या दोन चिठ्ठ्या नखाने खरवडून काढल्या आणि म्हणाला, "फजलभाई, जरा इकडे या ना. हे खालच्या पट्टीवर काय लिहिलंय? चार महिने झाले, मला काय कळत नाय."

फजलभाई गेले, वाकले, चष्मा वर केला. "हे तेल. इथून तेल घालायचं. घातलं नाहीस ना कधी? बघ, कोरडं पडलंय."

येताना ते माझ्यापाशी थांबले. पिशवी खांद्याला, हिरवा टॅग बाहेर लोंबत होता.

"साहेब, त्या लालची कॉपी असेल ना पुस्तकात?"

"आहे. नंबर दोनशे सतरा. म्हणत असाल तर..."

"नको. फाडू नका. नंबर तुटतो."

आणि ते गेटकडे चालायला लागले.